व्यसन, विश्वास आणि करुणा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे कोणासाठी आहेत?

दारू, तंबाखू, जुगार, अश्लील चित्रफिती किंवा मोबाइल यांपैकी एखाद्या गोष्टीने ज्यांच्या आयुष्याचा ताबा घेतला आहे अशा मराठी ख्रिस्ती माणसांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. पाळक, धर्मगुरू, धर्मभगिनी आणि मंडळीतील पंच यांनाही ती उपयोगी पडावीत. उदाहरणे बहुतेक दारूची आहेत, कारण आपल्या घरांतून सर्वांत जास्त प्रश्न तिच्याविषयीच येतात. सवय कोणतीही असो, तिला जगवण्यात लपवाछपवीचा वाटा फार मोठा असतो. त्यामुळे विश्वासाचे पहिले काम माणसाला न घाबरता उजेडात येता यावे इतका आधार देणे हे आहे, असे आमचे मत आहे आणि पुढील उत्तरे त्याच मतावर उभी आहेत.

व्यसन हे पाप आहे की आजार?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दुसराच प्रश्न असतो, तो म्हणजे या माणसावर रागवायचे की त्याची कीव करायची. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1956 साली मद्यासक्तीला आजार मानले, आणि आज मेंदूविषयीच्या ज्ञानामुळे त्या मताला भक्कम आधार मिळाला आहे. दीर्घकाळ दारू पिणाऱ्याच्या मेंदूतील सुख, ताण आणि संयम यांच्याशी संबंधित यंत्रणा बदलतात, आणि मग ‘मनावर घे’ हा सल्ला त्याच्यापर्यंत पोहोचूनही त्याला पाळता येत नाही.

मात्र हा अनुभव विसाव्या शतकात प्रथमच कळला असे नाही. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सातव्या अध्यायात स्वतःविषयीच लिहिले आहे की, जे करावेसे वाटते ते आपल्या हातून होत नाही आणि ज्याचा तिटकारा येतो तेच होते. संत ऑगस्टीनने आपल्या ‘कबुलीजबाब’ या आत्मकथनात हा क्रम अधिक बारकाईने मांडला : वाकड्या इच्छेतून वासना जन्मते, वासना पुरवत राहिल्याने सवय जडते आणि सवयीला विरोध न केल्याने ती गरज होऊन बसते. तो दारूविषयी बोलत नव्हता, त्याचा झगडा कामवासनेशी होता. तरीही व्यसनमुक्ती केंद्रात बसलेल्या कोणाही माणसाला हे वर्णन आपलेच वाटेल.

कॅथलिक चर्चची अधिकृत शिकवण मांडणाऱ्या श्रद्धाग्रंथाच्या 1735 व्या परिच्छेदात स्पष्ट म्हटले आहे की अज्ञान, भीती, सवय आणि अनावर ओढ यांमुळे कृत्याची जबाबदारी कमी होऊ शकते, प्रसंगी पूर्णपणे नाहीशीही होऊ शकते. म्हणजे सवयीने जखडलेल्या माणसाचा दोष आणि शुद्धीत, विचार करून दुष्कृत्य करणाऱ्याचा दोष चर्च एकाच मापाने मोजत नाही. आमच्या दृष्टीने व्यसन जडणे हा आजार आहे, त्या आजारापायी घरात जे खोटे बोलले जाते, जी मारहाण होते आणि मुलांच्या फीचे पैसे ज्या तऱ्हेने उडवले जातात त्यांत पाप आहे, आणि उपचार मिळू शकत असताना ते नाकारत राहणे ही जबाबदारी त्या माणसाचीच आहे.

पवित्र शास्त्र दारू पूर्णपणे वर्ज्य करते काय?

नाही. काना गावच्या लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला आणि पौलाने तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले. त्याच पवित्र शास्त्रात नीतिसूत्रांच्या तेविसाव्या अध्यायाच्या शेवटी दारूड्याचे असे चित्र आहे की ते आजच्या कोणत्याही पोस्टरपेक्षा प्रभावी ठरेल : लाल डोळे, विनाकारण झालेल्या जखमा, समुद्राच्या मध्यावर झोपल्यासारखी भोवळ, आणि मार खाल्ल्याचे भान नसताना सकाळी उठून पुन्हा तीच शोधण्याची घाई.

महाराष्ट्रात या बाबतीत दोन परंपरा शेजारी-शेजारी नांदत आल्या आहेत. वसई आणि मुंबईच्या गावठाणांतील कॅथलिक घरांमध्ये लग्न, बाप्तिस्मा, सण अशा प्रसंगी पेला पुढे करणे हा पाहुणचाराचा भाग मानला जातो, आणि त्यांतल्या ईस्ट इंडियन नावाच्या समाजात तर खिमाड या मसाले घालून गरम केलेल्या दारूशिवाय समारंभ पुरा झाल्यासारखा वाटत नाही. उलट अमेरिकन मराठी मिशनच्या प्रभावाखाली वाढलेल्या अहिल्यानगरकडील प्रोटेस्टंट मंडळ्यांत दारूला स्पर्श न करणे ही ख्रिस्ती असण्याची खूणच समजली गेली. दोन्हींत चांगले आहे आणि दोन्हींत एक-एक धोका आहे. जिथे सगळेच घेतात तिथे एकाचे घेणे केव्हा आजारात गेले ते कोणाच्या लक्षात येत नाही, आणि जिथे कोणीच घेत नाही असे गृहीत धरलेले असते तिथे घेणारा माणूस दहा वर्षे चोरून घेतो पण मदत मागायला धजत नाही. आमच्या अनुभवात दुसऱ्या प्रकारची माणसे उपचारासाठी अधिक उशिरा येतात.

ज्याला मोजून थांबता येते त्याच्यासाठी शास्त्राचा उपदेश संयमाचा आहे. ज्याला थांबता येत नाही त्याच्यासाठी मात्र ‘थोडी’ हे परिमाण उरलेलेच नसते, म्हणून त्याने पूर्ण वर्ज्य करावी आणि काना गावच्या लग्नाचा दाखला देऊन कोणी आग्रह केल्यास त्याला बेधडक नकार द्यावा.

मनापासून प्रार्थना केली तर सवय आपोआप सुटेल काय?

एका रात्रीत दारूची ओढच नाहीशी झाली असे सांगणारी माणसे आहेत आणि त्यांच्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही. बहुसंख्यांच्या बाबतीत मात्र देवाची कृपा हळूहळू, डॉक्टरांच्या, सोबत्यांच्या आणि रोजच्या लहान निर्णयांच्या हातांनी काम करते. डब्लिनचा मजूर मॅट टॅल्बट पोरवयातच दारूला लागला होता. 1884 साली त्याने दारू न पिण्याची शपथ घेतली तीही आधी केवळ तीन महिन्यांसाठी, मग सहा महिन्यांसाठी आणि त्यानंतर जन्मभरासाठी. 1925 साली मिस्साला जाताना रस्त्यात त्याचा मृत्यू झाला तोपर्यंत ती त्याने पाळली. चर्चने 1975 मध्ये त्याला ‘वंदनीय’ घोषित केले.

येथे एक गोष्ट फार गांभीर्याने सांगायची आहे. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एखाद्या उपवास-प्रार्थनेच्या जोशात दारू एकाएकी बंद केल्यास त्याच्या जिवाला धोका होऊ शकतो. पहिल्या दिवसात हात थरथरतात, घाम सुटतो, झोप लागत नाही. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भास होऊ लागतात, भिंतीवर किडे दिसतात, माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो आणि शुद्ध हरपते. हे पाहून ‘याच्यात दुष्ट आत्मा शिरला’ असे समजून त्याला रात्रभर धरून प्रार्थना करणारे लोक आजही आहेत. त्यांचा हेतू चांगला असला तरी त्या वेळी त्या माणसाची जागा रुग्णालयात असते, कारण त्याला झटके आवरणारी औषधे, पाणी आणि ब जीवनसत्त्वातील थायमिन मिळणे आवश्यक असते. प्रार्थना अवश्य करावी, ती रुग्णवाहिकेत बसूनही करता येते.

औषध किंवा समुपदेशन घेणे म्हणजे विश्वास कमी पडला असे नाही काय?

दयाळू शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, त्या बांधल्या, त्याला उतारशाळेत नेले आणि पुढच्या खर्चाचे पैसेही दिले. त्यात प्रार्थनेचा उल्लेखदेखील नाही, आणि तरी येशूने ‘तूही जा आणि तसेच कर’ असे सांगितले. मधुमेहाची गोळी घेताना ज्याला आपला विश्वास डळमळीत वाटत नाही त्याला ओढ कमी करणाऱ्या गोळीविषयीही तसे वाटू नये.

मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावावे काय?

लावू नये. आपल्याकडे हा प्रकार घरोघरी चालतो आणि त्यात ख्रिस्ती घरेही मागे नाहीत. अशी शपथ बहुधा काही आठवड्यांत मोडते, आणि मग त्या माणसाच्या डोक्यावर दारूच्या ओझ्याबरोबर आपल्या लेकरावर संकट ओढवून घेतल्याची भीतीही बसते. ती भीती बुडवायला तो पुन्हा पितो. मुलाच्या मनावर काय परिणाम होतो हा तर स्वतंत्र विषय आहे. येशूने डोंगरावरील प्रवचनात शपथ वाहूच नका, तुमचे ‘होय’ हे होय आणि ‘नाही’ हे नाही असावे, असे म्हटले आहे. वारकरी कुटुंबांतून आलेल्या वाचकांनी माळ घातल्यावर दारू सुटल्याची उदाहरणे पाहिली असतील, परंतु तिथेही माळेच्या पाठीमागे नित्यनेम, दिंडी आणि सोबत असते. नुसता शब्द एकट्या माणसाला फार दिवस सावरून धरू शकत नाही. आजच्या दिवसापुरते, एका ठरलेल्या माणसाला सांगून दिलेले वचन अधिक टिकते.

कबुली कोणाजवळ द्यावी? मंडळीत सगळ्यांना कळले तर?

याकोबाच्या पत्रात आपली पापे एकमेकांजवळ कबूल करा आणि बरे व्हावे म्हणून एकमेकांसाठी प्रार्थना करा, असे सांगितले आहे. कबुली आणि बरे होणे ही दोन्ही एकाच वाक्यात आली आहेत, हे पुष्कळदा नजरेतून सुटते. सर्वांजवळ कबूल करा असे मात्र त्यात नाही. कॅथलिक व्यक्तीला पापनिवेदनाचा मार्ग मोकळा आहे, आणि तिथे ऐकलेले कोणत्याही कारणासाठी उघड करण्यास धर्मगुरूला चर्चच्या कायद्याने सक्त मनाई आहे. प्रोटेस्टंट मंडळीत पाळकसाहेब किंवा एखादा प्रौढ, तोंडाचा पक्का विश्वासू गाठावा. तुमच्यासमोर दुसऱ्याची गुपिते सांगणाऱ्या माणसाला निवडू नये, मग तो प्रार्थना कितीही सुंदर करो.

एकदाच रडून मोकळे होणे आणि नियमितपणे खरे बोलणे यांत फरक आहे. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी ‘या आठवड्यात काय झाले’ एवढे एका माणसाला सांगत राहणे हे वरकरणी रुक्ष वाटणारे काम उत्कट सभांपेक्षा अधिक फळ देते.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही ख्रिस्ती संघटना आहे काय? तिथे जाणे योग्य आहे काय?

दारू सोडू पाहणाऱ्या माणसांनी एकमेकांच्या आधारासाठी चालवलेली ही संघटना ख्रिस्ती नाही, पण तिचा जन्म ख्रिस्ती वातावरणात झाला. न्यूयॉर्कचा शेअर बाजारातील व्यावसायिक बिल विल्सन आणि ओहायो राज्यातील अ‍ॅक्रनचे शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ हे दोघेही मद्यासक्त होते. 1935 साली अ‍ॅक्रनमध्ये त्यांची भेट झाली आणि त्या वर्षीचा 10 जून हा संघटनेचा स्थापनादिवस मानला जातो. दोघांचाही ऑक्सफर्ड ग्रुप या ख्रिस्ती चळवळीशी संबंध होता आणि स्वतःची झडती घेणे, दुसऱ्याजवळ कबुली देणे, ज्यांचे नुकसान केले त्यांची भरपाई करणे या गोष्टी त्यांनी तिथून घेतल्या. 1939 मध्ये संघटनेच्या बारा पायऱ्या, म्हणजे व्यसनातून बाहेर येण्याचा तिचा क्रम, छापून प्रसिद्ध झाल्या. त्याच वर्षापासून अ‍ॅक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सिस्टर इग्नेशिया या धर्मभगिनीने मद्यासक्तांना रुग्ण म्हणून दाखल करून घ्यायला सुरुवात केली. त्या काळी रुग्णालये अशा माणसांना सहसा दारातूनच परत पाठवत असत.

बारा पायऱ्यांत परमेश्वराचा उल्लेख आहे, परंतु ‘आम्हाला जसा उमगला तसा’ अशी मोकळीक ठेवलेली आहे, त्यामुळे हिंदू, मुसलमान, बौद्ध आणि देव न मानणारेही एकाच खोलीत बसतात. काही पाळकांना ही मोकळीक खटकते. आमचे म्हणणे असे की ख्रिस्ती माणसाला तिथे आपल्या ख्रिस्तालाच हाक मारण्यास कोणी अडवत नाही. मुंबईत अनेक ठिकाणी या सभा चर्चच्या सभागृहांत किंवा शाळांच्या वर्गांत भरतात, मराठीतही शेअरिंग होते, फी नसते आणि आडनाव विचारले जात नाही. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन ही वेगळी संघटना 1951 पासून आहे आणि तिच्या सभांना जाण्यासाठी घरातला पिणारा माणूस सुधारलेला असण्याची गरज नसते.

राहून उपचार घ्यायचे असल्यास फादर जो परेरा यांनी 1981 मध्ये वांद्र्यात सुरू केलेले कृपा फाउंडेशन अनेकांना परिचित आहे. फादर स्वतः व्यसनातून बाहेर आलेले आणि योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य असल्यामुळे तिथे बारा पायऱ्यांबरोबर आसनेही शिकवली जातात. पुण्याचे मुक्तांगण हे 1986 साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेले केंद्र कोणत्याही धर्माचे नाही, आणि ख्रिस्ती माणसाने तिथे जाण्यात काहीच कमीपणा नाही.

चांगला वर्षभर सोबर होतो आणि पुन्हा प्यायलो. आता देवासमोर कोणत्या तोंडाने जाऊ?

पेत्र ज्या तोंडाने गेला त्याच तोंडाने. त्याने एका रात्रीत तीनदा आपल्या प्रभूला नाकारले होते आणि तरी पुढे त्याच प्रभूने त्याला आपली मेंढरे सांभाळायला दिली. स्लिप होणे ही या आजारात नेहमी घडणारी गोष्ट आहे, तिचा अर्थ आधीचे वर्ष वाया गेले असा होत नाही. धोका पहिल्या पेल्यात जितका असतो तितकाच त्यानंतरच्या ‘आता सगळे संपलेच आहे’ या विचारात असतो, कारण त्या विचारामुळे एका संध्याकाळची चूक महिनाभर चालते. म्हणून त्याच रात्री, फार तर दुसऱ्या सकाळी, आपल्या ठरलेल्या माणसाला फोन करावा. एक वैद्यकीय सावधगिरी : मध्ये खंड पडल्यावर शरीराला पूर्वीइतके प्रमाण सोसत नाही. अफूजन्य पदार्थांच्या बाबतीत तर या कारणाने मृत्यू होतात.

मंडळीने अशा वेळी कसे वागावे हे शिकायचे असल्यास इजिप्तच्या वाळवंटातील चौथ्या शतकातील साधूंकडे पाहावे. स्केतिस येथे एका बंधूच्या हातून अपराध घडला आणि त्याचा न्याय करण्यासाठी सभा बोलावली गेली. अब्बा मोझेस, जे पूर्वायुष्यात दरोडेखोर होते, आधी आलेच नाहीत. निरोप आल्यावर ते एक फुटके भांडे पाण्याने भरून पाठीवर घेऊन निघाले. हे काय म्हणून विचारल्यावर ते म्हणाले की माझी पापे माझ्यामागे गळत आहेत, ती मला दिसत नाहीत, आणि मी दुसऱ्याचा न्याय करायला आलो आहे. सभेने त्या बंधूला क्षमा केली.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मत्तयाच्या शुभवर्तमानात बाहेर गेलेला अशुद्ध आत्मा परत येतो तेव्हा त्याला घर झाडलेले, सजवलेले पण रिकामे सापडते, आणि तो आणखी सात जणांना घेऊन येतो. दारू गेली, पण संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात काय करायचे, पगाराच्या दिवशी कोणत्या रस्त्याने घरी यायचे, जुन्या मित्रांऐवजी कोणाकडे बसायचे, याची सोय केली नाही तर घर रिकामेच राहते. प्रत्येक घसरणीनंतर स्वतःला बोल लावण्याऐवजी ती वेळ, ती जागा आणि ती मनःस्थिती कोणती होती ते कागदावर लिहून काढावे.

दरवर्षी उपवासकाळात चाळीस दिवस दारू सोडतो. मग मला व्यसन कसे असेल?

हा युक्तिवाद वसईपासून गोव्यापर्यंत ऐकू येतो, आणि श्रावण पाळणाऱ्या शेजाऱ्यांकडूनही तोच येतो. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत न पिणे ही चांगली साधना आहे, मात्र त्यावरून व्यसन नसल्याचे सिद्ध होत नाही. त्या दिवसांत मनात काय चालते ते पाहावे. ईस्टरची मिस्सा संपण्याची वाट पाहत तुम्ही दिवस मोजत असाल, चिडचिड वाढली असेल आणि ईस्टरच्या दुपारी चाळीस दिवसांची उणीव एका बैठकीत भरून काढली जात असेल, तर डॉक्टरांना भेटावे. उलट ज्याला या काळात सुटका वाटते त्याने ईस्टरनंतरचा सोमवार हाच खरा आरंभ मानून धर्मगुरूंशी आधीच बोलून ठेवावे.

पतीच्या दारूवर पांघरूण घालणे हीच ख्रिस्ती करुणा नव्हे काय?

नव्हे. मालकांना ‘साहेब, त्यांना ताप आहे’ असा फोन करणे, गुत्त्याची उधारी भागवणे, रस्त्यावरून उचलून आणून कपडे बदलून झोपवणे आणि सकाळी काहीच न बोलणे हे प्रेमापोटी घडते खरे, पण त्यामुळे आजाराला आणखी मुदत मिळते. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहा असे आहे आणि तीन ओवींनंतर प्रत्येकाने आपला भार वाहिलाच पाहिजे असेही आहे. उपचाराला सोबत जाणे, वाट पाहणे, प्रार्थना करणे, मुलांजवळ बापाविषयी तुच्छतेने न बोलणे हे पत्नीने उचलण्याजोगे ओझे आहे. त्याची खोटी कारणे आणि त्याची उधारी हा त्याचा भार आहे.

उधळ्या पुत्राच्या दृष्टांतातील बाप मुलाला शोधत डुकरांच्या गोठ्यापर्यंत गेला नाही आणि तिथे त्याला पैसेही पाठवले नाहीत. मुलगा शुद्धीवर येईपर्यंत तो थांबला, आणि मुलगा दूर असतानाच त्याला पाहून धावला. थांबणे आणि धावणे या दोन्हींचा त्याच्या प्रेमात समावेश होता.

मारहाण होत असेल तर प्रश्नच वेगळा आहे. ‘क्रूस समजून सोस’ हा सल्ला देणाऱ्या व्यक्तीचे, मग ती कितीही वयस्क किंवा अधिकारी असो, ऐकू नये. मुलांना घेऊन सुरक्षित ठिकाणी जाणे पाप नाही, त्याने विवाहाची प्रतिष्ठा कमी होत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, 2005 अन्वये पत्नीला घरात राहण्याचा हक्क आणि संरक्षण आदेश मागता येतो. 181 ही महिला मदतवाहिनी आणि 112 हा आपत्कालीन क्रमांक लक्षात ठेवावा.

जेवणात गुपचूप औषध मिसळून दारू सोडवता येते, असे ऐकले आहे.

असे कधीही करू नये. डायसल्फिराम हे औषध पोटात असताना दारू घेतल्यास चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छातीत धडधडते, रक्तदाब घसरतो आणि मृत्यूही येऊ शकतो. हे औषध फक्त रुग्णाला सर्व समजावून, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जाते. जाहिरातींतल्या नावगाव नसलेल्या पुड्यांविषयी तर बोलायलाच नको.

तंबाखू आणि मिश्री यांना एवढे मनावर घेण्याचे कारण काय?

दारूविरुद्ध प्रवचने पुष्कळ होतात, मिश्रीविरुद्ध जवळजवळ नाहीच, कारण ती लावणाऱ्या बहुतेक आपल्या आया आणि आज्या असतात आणि मिश्री लावून कोणी भांडण करत नाही. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. गरोदरपणात ती लावल्यास बाळ कमी वजनाचे जन्मू शकते. सुपारी आणि गुटख्याने तोंड उघडणे हळूहळू कमी होते आणि पुढे तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तो मिळतो हे सर्वांनाच माहीत आहे. तंबाखू एकाएकी सोडल्याने दारूसारखा जीवघेणा धोका नसतो. पहिले काही दिवस चिडचिड आणि बेचैनी तीव्र असते आणि तीन-चार आठवड्यांत ती बरीच ओसरते. निकोटिनच्या गोळ्या किंवा च्युइंगम वापरण्याविषयी दंतवैद्यही सल्ला देऊ शकतात.

अश्लील चित्रफितींविषयी बोलायचीही लाज वाटते.

ही लाजच त्या सवयीला पोसते. चौथ्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या एवाग्रियस या साधूने माणसाला छळणाऱ्या आठ विचारांची मांडणी केली. पुढे पोप ग्रेगरी यांच्या काळात तिच्यातूनच सात प्रमुख दुर्गुणांची यादी तयार झाली. एवाग्रियसचे निरीक्षण असे की विचार मनात येणे आपल्या हाती नसते, त्याला रेंगाळू द्यायचे की नाही हे मात्र असते. त्याने दुपारच्या कंटाळ्याचा, म्हणजे कशातच मन न लागण्याच्या अवस्थेचाही या आठांत समावेश केला, आणि आजच्या माणसाने आपला मोबाइल बहुतेक वेळा कोणत्या मनःस्थितीत हातात घेतला जातो ते तपासले तर हे पटेल. रात्री फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावणे ही फार आध्यात्मिक वाटत नसलेली युक्ती उपयोगी पडते. सवयीबरोबर नैराश्य असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. अल्पवयीन मुलाबाबत ही गोष्ट कळल्यास पालकांनी आरडाओरडा न करता, त्याचा फोटो वा संभाषण दाखवून कोणी त्याला धमकावत तर नाही ना, हे प्रथम विचारावे.

दारू सोडलेल्या माणसाने प्रभुभोजनातील द्राक्षारस घ्यावा काय?

घेऊ नये, आणि न घेतल्याने त्याचे काहीही उणे होत नाही. कॅथलिक शिकवणुकीप्रमाणे ख्रिस्त भाकरीच्या रूपातही संपूर्णपणे उपस्थित असतो, त्यामुळे केवळ पवित्र भाकरी घेणे पुरेसे आहे. मद्यासक्तीतून बाहेर आलेल्या धर्मगुरूंना बिशपांच्या परवानगीने न आंबवलेला द्राक्षरस वापरता येतो. प्रोटेस्टंट परंपरेत थॉमस वेल्च या मेथडिस्ट दंतवैद्याने 1869 साली अमेरिकेत द्राक्षांचा रस तापवून न आंबता टिकवण्याची पद्धत प्रभुभोजनासाठीच वापरात आणली, आणि आपल्याकडच्या अनेक मंडळ्यांत आंबवलेला द्राक्षारस नसतोच. जिथे असतो तिथे पाळकांनी एक वेगळा पेला न बोलता तयार ठेवावा. त्या माणसाला दर वेळी समजावून सांगण्याची वेळ येऊ देऊ नये.

मंडळीने नेमके काय करावे?

नुकत्याच सुधारलेल्या माणसाला दोन महिन्यांत व्यासपीठावर साक्ष द्यायला उभे करू नये. टाळ्या मिळालेल्या माणसाला घसरल्यावर परत येणे दुप्पट कठीण होते. लग्नाच्या जेवणात सरबत दारूइतकेच सहज आणि तितक्याच चांगल्या पेल्यात मिळावे. चर्चचे सभागृह आठवड्यातून एक संध्याकाळ अल्कोहोलिक्स अनॉनिमससारख्या सभेसाठी मोफत द्यावे. कामावरून काढलेल्याला चर्चच्या ओळखीतून काम मिळवून द्यावे, कारण रोजची हजेरी हा उपचाराचाच एक भाग आहे. मद्यासक्ताच्या मुलांकडे रविवार-शाळेच्या शिक्षकांनी लक्ष ठेवावे. ती मुले बहुधा फार शहाण्यासारखी वागतात आणि त्यामुळेच दुर्लक्षित राहतात.

मी ख्रिस्ती नाही. माझ्या भावासाठी ख्रिस्ती केंद्राची मदत घेतली तर धर्म बदलावा लागेल काय?

नाही. उपचाराच्या बदल्यात धर्मांतराची अट घालणारी कोणतीही जागा सोडून द्यावी. शोमरोनी माणसाने जखमी वाटसरूचा धर्म विचारला नव्हता.

आज रात्रीच कोणाशी तरी बोलायचे आहे.

व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची 14446 ही मदतवाहिनी आहे, मानसिक त्रासासाठी टेलि-मानस 14416 वर मराठीतही बोलता येते आणि तंबाखू सोडण्यासाठी 1800-112-356 हा क्रमांक आहे. फिट आली, भास होऊ लागले, रक्ताची उलटी झाली किंवा जीव देण्याची भाषा सुरू झाली तर सकाळची वाट न पाहता 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांना शेवटचा पेला केव्हा घेतला आणि रोजचे प्रमाण किती होते ते खरेखरे सांगावे, कमी करून सांगू नये, कारण औषधाची मात्रा त्यावरूनच ठरते.